एक्केचाळीस नंबरची बाई

लेबलबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हतं, पण हजेरीपट सोडला तर त्यांचं खरं नाव हॉस्पिटलात कुठे वापरातच उरलं नव्हतं. तळघरातल्या प्रयोगशाळेत त्या चोवीस वर्षं टेक्निशियन होत्या. या चोवीस वर्षांत बिनलेबलाची एकही नळी, बाटली किंवा काचपट्टी त्यांच्या टेबलावरून पुढे सरकली नव्हती. नवी मुलगी कामावर आली की पहिला आठवडा तिला फक्त लेबल कसं चिकटवायचं ते शिकवत. सरळ, सुरकुती न पाडता, नंबर बाहेरच्या बाजूला. "नमुना सांडला तर दुसरा घेता येतो," त्या म्हणत. "पण नमुना कुणाचा तेच ठाऊक नसेल, तर ती नळी आणि मोरीतलं पाणी यात फरक काय?"

हा सोस घरीही होता. डब्यांना लेबलं, औषधांना लेबलं, किल्ल्यांना लेबलं. नवऱ्याच्या दोन चष्म्यांच्या घरांवर त्यांनी 'जवळचा' आणि 'लांबचा' असं लिहून ठेवलं, तेव्हा मात्र नवरा दुखावला. कारण त्याचं चष्म्याचंच दुकान होतं.

"अगं, तीस वर्षं लोकांना चष्मे देतोय मी. माझा जवळचा कोणता ते मला कळत नाही?"

"कळतं हो. पण घाईत चुकतं."

चुकायचं खरंच, त्यामुळे लेबलं राहिली.

दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत नव्या मॅडम आल्या. लेबलबाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान, चालणं भरभर आणि बोलणं त्याहून भरभर. त्यांनी येताना एक प्रश्न बरोबर आणला होता. पाळीच्या महिन्याभरात बाईच्या अंगात हार्मोन चढतात-उतरतात. त्याबरोबर तिच्या योनिमार्गातली, गर्भाशयाच्या तोंडाजवळची रोगाशी लढायची ताकदही चढते-उतरते का? आणि उतरत असेल, तर नेमकी कोणत्या दिवसांत? याचा छडा लावायला चाळीस बायका तयार झाल्या होत्या. दर आठवड्याला यायचं, वरच्या मजल्यावर सिस्टरकडे थोडं रक्त द्यायचं, बाथरूममध्ये जाऊन मऊ कापसाच्या काडीनं आपला नमुना आपणच घ्यायचा आणि नळीत घालून खाली आणून द्यायचा. प्रत्येकीला एक नंबर. नाव फक्त सिस्टरच्या रजिस्टरमध्ये, कुलपात.

खाली आल्यावर बायका प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर टेकत. ओढणीत, पिशवीत, मासिकात गुंडाळून आणलेली ती नळी अशी पुढे करत, जणू शेजारणीची वस्तू न विचारता उचलून आणलीय. लेबलबाईंना याची गंमत वाटायची. त्या नळी उजेडात धरून नंबर मोठ्यानं वाचत, आणि मग बाई अगदीच अवघडली असेल तर तिच्याशेजारी बसून सगळं उलगडून सांगत.

"हे बघा, दोन हार्मोन आहेत. पहिल्या पंधरवड्यात इस्ट्रोजेनचं राज्य. ते आतलं अस्तर जाडजूड ठेवतं, आणि तिथल्या चांगल्या जिवाणूंना खाऊ पुरवतं. ते जिवाणू आंबटपणा तयार करतात, आणि त्या आंबटपणात बाहेरचे उपटसुंभ जंतू टिकत नाहीत. समजलं?"

बाई मान हलवे.

"मग बीज सुटलं की दुसरं येतं, प्रोजेस्टेरॉन. त्याला एकच काळजी, गर्भ राहिला तर? गर्भ म्हणजे अर्धा तुमचा, अर्धा परका. पहारेकऱ्यांनी त्यालाच चोर समजून धरलं तर कसं व्हायचं? म्हणून ते पहारा जरा ढिला करतं. घरी पाहुणा यायचा असला की आपण कुत्रा बांधून ठेवतो ना, तसं. पाहुणा येवो न येवो, आठवडाभर कुत्रा बांधलेलाच. आणि नेमका तेवढ्यात एखादा चोर आला, तर त्याचं फावतं. तेच दिवस आमच्या मॅडम शोधतायत."

बाई हसे. नळीवरची तिची पकड सैल होई. लेबलबाईंना न लाजता असं बोलता येतं म्हणून मॅडमही त्यांच्यावर खूश होत्या. "ताई, तुम्ही नसता ना, तर निम्म्या बायका दुसऱ्या आठवड्यातच पळाल्या असत्या," असं त्यांनी एकदा सगळ्यांसमोर म्हटलं होतं. लेबलबाईंनी त्या दिवशी कोटाची कॉलर दोनदा नीट केली.

आता इतकं सगळं जिला तोंडपाठ, त्या बाईनं स्वतःच्या बाबतीत काय करावं? तर मूग गिळून बसावं!

लेबलबाईंची पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती. गेल्या वर्षभरात लघवीला जळजळ सुरू झाली. आतून कोरडं, खाजरं वाटायचं. दर तासाला बाथरूम गाठावं लागे, आणि तिथे गेल्यावर चार थेंबांत काम संपे. हे का होतंय, हे त्यांना पुस्तकातल्या ओळीसकट ठाऊक होतं. वरच्या मजल्यावर स्त्रीरोगतज्ज्ञ बाई बसत, जिन्याच्या बावीस पायऱ्या काय त्या चढायच्या. पण तिथे जाऊन "मला तिथे जळजळतं" असं आपल्या तोंडानं सांगायचं, या कल्पनेनंच लेबलबाईंचे कान तापत. दुसऱ्यांच्या योनिमार्गाबद्दल त्या शिक्षिकेच्या आवाजात बोलत. स्वतःच्या बाबतीत मात्र तो शब्द त्यांना मनातल्या मनातसुद्धा उच्चारता येत नव्हता.

त्यांनी दुसराच मार्ग काढला. घराजवळच्या औषधवाल्याकडे गेल्या, आणि गोळ्यांचं नाव सांगून घाईनं म्हणाल्या, "माझ्या नणंदेला हव्यात. लघवीला त्रास होतोय बिचारीला."

औषधवाल्यानं दिल्या. पाच दिवस बरं वाटलं, महिन्याभरानं पुन्हा पहिले पाढे. परत गेल्या. "नणंदेला परत होतंय." तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा औषधवाला खरोखरच काळजीत पडला. "त्यांना म्हणावं डॉक्टरांना दाखवा एकदा. सारख्या या गोळ्या चांगल्या नाहीत."

"सांगते हो. ऐकेल तर शप्पथ," लेबलबाई म्हणाल्या.

आता ही नणंद, म्हणजे चष्मेवाल्याची धाकटी बहीण, त्याच गल्लीत ब्यूटी पार्लर चालवायची. ठणठणीत प्रकृतीची, आणि गळा तर इतका ठणठणीत की पार्लरमध्ये ती कुजबुजली तरी रस्त्यापलीकडे ऐकू जावं. एका शनिवारी ती सर्दीची गोळी आणायला औषधाच्या दुकानात गेली. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं. औषधवाल्यानं तिला पाहिलं आणि आपुलकीनं विचारलं, "काय ताई, लघवीची जळजळ थांबली का आता?"

अर्ध्या तासात नणंद भावाच्या घरी हजर. लेबलबाई भाजी निवडत होत्या.

"वहिनी! मला कधीपासून जळजळतंय?"

लेबलबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"माझ्या तीन गिऱ्हाइकांसमोर विचारलंन त्यानं! एकीच्या भुवया मी कालच कोरल्या होत्या, त्या अशा वर गेल्या की कोरीवकाम वाया! आणि वर म्हणतो, तुमच्या वहिनी फार काळजी करतात तुमची."

"अगं, हळू बोल..."

"हळू कशाला? त्रास माझा आहे ना? मग मी ओरडून सांगीन!" मग जवळ स्टूल ओढून ती बसली आणि आवाज खरोखरच उतरवला. "किती दिवस झाले?"

"वर्ष होईल."

"दादाला सांगितलंस?"

"त्यांना काय सांगायचं यातलं?"

"डॉक्टरला?"

लेबलबाई पुन्हा भाजी निवडू लागल्या. नणंदेनं कपाळाला हात लावला. "तू रोज तेच काम करतेस ना गं? माझ्याकडे येणाऱ्या बायकांनासुद्धा तू समजावून सांगितलंयस. आणि स्वतः माझ्या नावावर गोळ्या खातेस?" पंधरा दिवसांत डॉक्टरकडे गेली नाहीस तर मीच हात धरून नेईन, अशी तंबी देऊन ती गेली. जाता जाता दारातून, "आणि सर्दीची गोळी राहिलीच माझी!" असं ओरडली.

डॉक्टरकडे जायच्या आधी आपलं आपण एकदा बघावं, असं लेबलबाईंच्या मनानं घेतलं. सगळं सामान हाताशी होतं. मंगळवारी दुपारी मॅडम मीटिंगला गेल्या होत्या. लेबलबाईंनी एक काडी आणि नळी घेतली, बाथरूममध्ये गेल्या, आणि पाच मिनिटांनी, चाळीस बायका परत येत तशाच चेहऱ्यानं परत आल्या.

आंबटपणा तपासायची पट्टी पिवळी राहायला हवी होती, ती हिरवट झाली. काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. तरुण बायकांच्या पट्टीवर चांगल्या जिवाणूंच्या लांबट काड्यांची ही गर्दी असायची. इथे शोधून शोधून चार सापडल्या. अस्तराच्या मोठ्या, पसरट पेशींऐवजी बुटक्या, गोल पेशी, आणि त्यांच्या मध्ये लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींचे घोळके. लेबलबाई बराच वेळ बघत राहिल्या. दुसऱ्या कुणाची पट्टी असती तर त्यांनी क्षणात सांगितलं असतं, की इस्ट्रोजेन आटलंय, अस्तर पातळ झालंय, आंबटपणा गेलाय, आणि मोकळं रान मिळाल्यामुळे जंतू पुन्हा पुन्हा येतायत. इथे त्यांना एवढंच वाटलं, की आपण म्हाताऱ्या झालो.

तेवढ्यात मॅडमची पावलं वाजली. लेबलबाईंनी दोन्ही पट्ट्या कचऱ्यात टाकल्या. पण चोवीस वर्षांच्या सवयीचा हात आधीच आपलं काम करून मोकळा झाला होता. नळीवर सरळ, सुरकुती न पाडता, लेबल लागलं होतं. चाळीसपर्यंतचे नंबर गेलेले, म्हणून एक्केचाळीस. आणि नळी इतरांच्या रांगेत उभी होती. घाईगडबडीत ती तिथेच राहिली, आणि बुधवारी बाकीच्यांबरोबर यंत्रात गेली. तिला लेबल होतं, मग कुणी कशाला अडवेल?

पुढच्या सोमवारी मॅडम कागदांचा गठ्ठा घेऊन उड्या मारतच आल्या. सिस्टरलाही वरून बोलावून घेतलं. "बघा, बघा! बीज सुटल्यानंतरच्या आठवड्यात जंतू मारणारी प्रथिनं कशी खाली आलीयत! जवळजवळ प्रत्येकीत! ताई, तुमचा कुत्रा सापडला!" सगळे हसले. लेबलबाईही हसल्या. मग मॅडमचं बोट एका ओळीवर थांबलं.

"पण ही एक्केचाळीस नंबरची कोण? हिचं काहीच जुळत नाही. प्रथिनं तळाला गेलीयत, सूज मात्र भरपूर. हिला त्रास होत असणार. वयानंही मोठी असावी. सिस्टर, हिचं नाव काढा, आजच बोलावून घेऊ."

सिस्टरनं रजिस्टर उघडलं. "मॅडम, चाळीसच आहेत."

"चाळीसच कशा? नमुना काय हवेतून आला? नळीवर नंबर आहे, म्हणजे कुणीतरी बाई आहे. तिची संमती घेतलीत का? तिची सही कुठेय?"

"मी कुणालाच हा नंबर दिलेला नाही..."

"मग नोंद राहिली असेल तुमच्याकडून." मॅडमचा आवाज चढला. "सिस्टर, ही साधी चूक नाही. एक बाई आजारी आहे, आपल्याकडे विश्वासानं नमुना देऊन गेलीय, आणि ती कोण हेच आपल्याला ठाऊक नाही! वरच्या कमिटीला मी काय उत्तर देऊ?"

सिस्टर रजिस्टरची पानं पुढे-मागे उलटत राहिली. वीस वर्षं काम केलेली बाई, पण तिचे डोळे भरून आले. "मी आजवर एकही नोंद..." एवढंच म्हणाली.

लेबलबाई कपाटाला टेकून उभ्या होत्या. अजूनही गप्प बसता आलं असतं. नमुना रद्द झाला असता, सिस्टरला एक लेखी ताकीद मिळाली असती, चार महिन्यांत सगळे विसरले असते. पण सिस्टर पदर नाही सापडला म्हणून कोटाच्या बाहीनं डोळे पुसू लागली, तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"नोंद राहिलेली नाही, मॅडम," त्या म्हणाल्या. "ती बाई मी आहे."

"म्हणजे तुम्ही ओळखता तिला?"

"ओळखते म्हणजे... चोपन्न वर्षं."

मॅडमनी आधी कागदाकडे पाहिलं, मग लेबलबाईंकडे, मग पुन्हा कागदाकडे. लेबलबाईंनी जमिनीकडे बघत सगळं सांगितलं, औषधवाला आणि नणंद यांच्यासकट. नणंदेच्या भागाला सिस्टरला रडता रडता हसू फुटलं, आणि ते आवरेना.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या आधी सिस्टरकडे वळल्या. "सिस्टर, मी उगाच बोलले. माफ करा." मग लेबलबाईंना म्हणाल्या, "ताई, हे तुम्ही काय करून बसलात, हे मी तुम्हाला सांगायची गरज आहे?"

"नाही."

"तो नमुना बाद. सगळी आकडेमोड मला पुन्हा करावी लागेल. आणि काय घडलं त्याचा अहवाल तुम्ही तुमच्या हातानं लिहायचा. कमिटीकडे जाईल तो."

लेबलबाईंनी मान हलवली.

"आणि आत्ताच्या आत्ता वर जायचं. सिस्टर, बरोबर जा. जिन्यातून पळतील त्या."

स्त्रीरोगतज्ज्ञ बाई मध्यम वयाच्या, शांत होत्या. लेबलबाई खुर्चीच्या कडेवर टेकल्या. काय होतंय या प्रश्नाला त्यांनी "विशेष काही नाही" असं उत्तर दिलं. दारात उभ्या असलेल्या सिस्टरनं घसा खाकरला. मग हळूहळू, एकेक शब्द चिमट्यानं काढावा तसं, सगळं बाहेर आलं.

तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "घाबरू नका. पाळी गेली की इस्ट्रोजेन कमी होतं. अस्तर पातळ पडतं, चांगले जिवाणू उपाशी मरतात, आंबटपणा जातो. कसं सांगू तुम्हाला... माझ्याकडे एक पेशंट आली होती, तिनं छान सांगितलं. तरुणपणी कुत्रा आठवडाभर बांधलेला असतो. आता कुत्रा मोकळाच आहे हो, पण म्हातारा झालाय, आणि कुंपणही मोडलंय. तळघरात कुणी बाई आहेत म्हणे, त्या सांगतात असं."

सिस्टर तोंडावर हात धरून बाहेर गेली.

"कुंपणाचं मी नव्हतं सांगितलं," लेबलबाई पुटपुटल्या. "ते तिनं पदरचं घातलं."

डॉक्टरांनी आधी लघवीची तपासणी करायला लावली. आत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं, अगदी थोडं थोडं. पहिले दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. आणि आपल्या मनानं गोळ्या घेणं बंद, हे दोनदा बजावलं.

त्या संध्याकाळी लेबलबाईंनी नवऱ्याला सांगायचं ठरवलं. निम्मं तर अहवाल लिहून लिहून पाठच झालं होतं. चष्मेवाल्यानं हातातलं काम बाजूला ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि मोठा सुस्कारा सोडला.

"म्हणजे साखर नाही तर!"

"कसली साखर?"

"अगं, तू सारखी बाथरूमला जातेस. मला वाटलं तुला मधुमेह झालाय आणि माझ्यापासून लपवतेयस. म्हणून मी दोन महिने सकाळच्या चहात साखरच घालत नाहीये, तुझ्याही आणि माझ्याही. तू एका शब्दानं बोलली नाहीस, तेव्हा माझी खात्रीच पटली."

"मला वाटलं तुम्ही विसरता!" लेबलबाई म्हणाल्या. "वय झालं म्हणून मी गप्प बसले!"

मग चष्मेवाला उठला, आणि सात वाजून गेले असूनही त्यानं चहा टाकला. चांगला गोड.

तीन महिन्यांत लेबलबाईंची जळजळ थांबली. त्या आता एका वेळी अख्खी सकाळ खुर्चीत बसू शकत. अहवाल कमिटीपुढे गेला, त्यांना लेखी समज मिळाली. ती त्यांनी मान खाली घालून घेतली. सिस्टर तीन दिवस अबोला धरून होती, चौथ्या दिवशी तिनंच येऊन विचारलं, "काय गं एक्केचाळीस, जेवलीस का?" तेव्हापासून तेच नाव पडलं, आणि लेबलबाईंना ते मुकाट सोसावं लागलं.

मॅडमच्या डोक्यातून मात्र ती बाद केलेली ओळ जात नव्हती. त्यांनी कमिटीकडे रीतसर अर्ज केला, परवानगी मिळवली, आणि पाळी गेलेल्या बायकांचा एक नवा गट सुरू केला. पंचवीस जणी हव्या होत्या. पहिल्या महिन्यात दोघी आल्या. त्यातली एक चुकून, दातांचा दवाखाना शोधत आली होती.

ही अडचण लेबलबाईंनी घरी बोलून दाखवली, आणि नणंदेनं ती उचलली. आरशासमोर मान टेकवून, डोळ्यांवर काकडीचे काप ठेवून पडलेली बाई कुठे पळून जाणार? नणंद तिच्या कानाशी वाकून, म्हणजे सगळ्या पार्लरला ऐकू जाईल अशा बेतानं, विचारायची, "पाळी गेली का तुमची? त्रास होतो का काही? लाजू नका, माझ्याबद्दल तर औषधवाल्यानं भर दुकानात विचारलंय!" सहा आठवड्यांत एकोणीस नावं जमली. विसावी ती स्वतः आली, झोकात, लिपस्टिक लावून.

सिस्टरनं फॉर्म पुढे केला. नणंद बाकी सगळे रकाने फटाफट भरत गेली आणि वयापाशी अडली.

"हे लिहायलाच हवं?"

"हवंच," लेबलबाई म्हणाल्या. "त्याशिवाय नमुन्याचा अर्थ लागत नाही."

"पार्लरमध्ये मी सेहेचाळीस सांगते."

"इथे हार्मोन मोजतात, वन्सं. ते सेहेचाळीस सांगणार नाहीत."

नणंदेनं इकडेतिकडे पाहिलं, दार लोटून घेतलं, एका हातानं कागद झाकून आकडा लिहिला, आणि काडी-नळी घेऊन ताठ मानेनं बाथरूमकडे निघाली. जाताना मोठ्यानं विचारत गेली, की आत आरसा आहे ना.